लग्न साताऱ्यात, अर्ज अमेरिकेत

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न नवरा किंवा बायकोला अमेरिकेत कायमचं आणण्याबद्दलचे आहेत. प्रश्न थोडे छाटलेत, नावं गाळलीत.

मी न्यू जर्सीत ग्रीन कार्डावर आहे. डिसेंबरात साताऱ्याला लग्न झालं. नागरिकत्वाला अजून दीड वर्ष आहे. मित्र म्हणतात, तेव्हाच बायकोचा अर्ज भर, दोनदा फी कशाला? खरं का?

दोनदा फी लागत नाही. मित्रांचा सल्ला तुम्हाला दीड वर्षाला पडेल.

ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराचा वर्ग एफ-टू-ए. इथे वर्षाला ठरावीकच व्हिसा असतात, म्हणून रांग. रांगेतली तुमची जागा ठरते ती आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठीचा पहिला अर्ज, यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडे) पोचतो त्या तारखेने. ती तारीख आली की नाही, हे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये कळतं. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या वर्गाला रांगच नव्हती. एप्रिल २०२३च्या बुलेटिनमध्ये ती पुन्हा लागली आणि ‘बघू पुढे’ म्हणत बसलेले मागे राहिले. नोकरीच्या ग्रीन कार्डात भारतीयांची जी दैना होते ती मात्र इथे नाही, कारण या वर्गातले पाऊण व्हिसा देशवार मर्यादेच्या बाहेर असतात.

तेव्हा आजच भरा. ऑनलाइन फी १ एप्रिल २०२४ पासून ६२५ डॉलर आहे, कागदावर ६७५. दीड वर्षाने नागरिक झालात की हाच अर्ज आपोआप वरच्या वर्गात जातो आणि त्या वर्गाला रांग नाही. तुम्ही फक्त नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत पाठवायची.

एक खोच आहे, ती कुणी सांगत नाही. एफ-टू-एमध्ये मूल आईच्याच अर्जात बसतं. तुम्ही नागरिक झालात की ते बाहेर पडतं आणि त्याच्यासाठी वेगळा आय-१३० लागतो. आनंदाने शपथ घेतली, आईचा व्हिसा आला आणि दोन वर्षांची मुलगी साताऱ्यातच अडकली, असं मी पाहिलंय. घरात पाळणा हलला असेल तर शपथेच्या आधीच हे बघा.

तोवर तिला टुरिस्ट व्हिसावर आणून इथेच उरलेला अर्ज भरला तर?

नको. तुम्ही ग्रीन कार्डावर असताना तिची तारीख यायच्या आत तिचा मुक्काम संपू शकतो. मुदतीनंतर १८० दिवसांपेक्षा जास्त राहून ती परत गेली तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर किंवा जास्त राहिली तर दहा. नागरिकाच्या बायकोला मुदत उलटल्याची माफी मिळते खरी, पण विमानतळावर ‘फिरायला आलेय’ म्हणून सांगितलं आणि बॅगेत रुखवताची भांडी निघाली, तर तो खोटं बोलून प्रवेश ठरू शकतो. त्याची बंदी जन्मभराची असते. सूट मागता येते, पण ती मिळवताना दमछाक होते. खरोखर भेटून परत जायचं असेल तर व्हिसा मागायला हरकत नाही. तो मिळेलच असं धरून तिकीट मात्र काढू नका.

मुलगा अमेरिकन नागरिक आहे. व्हिसाचं लवकर व्हावं म्हणून जूनमध्ये दोघांनी रजिस्टर लग्न उरकलं. खरं लग्न डिसेंबरात, हॉल ठरलाय. सुनेसाठी के-१ म्हणजे फियान्से व्हिसा घ्यावा की आय-१३०? आणि लग्नाची तारीख कुठली लिहायची?

‘खरं लग्न’ हा शब्द घरात ठेवा, अर्जात नको. पण जूनमध्ये नेमकं काय झालं, हे आधी तपासा.

नोटीस देऊन, तीस दिवस थांबून, विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या केल्या असतील तर ते १९५४च्या विशेष विवाह कायद्याखालचं लग्न. ते पूर्ण लग्न आहे. दोघं जूनपासून नवरा-बायको आहेत आणि लग्न झालेल्याला के-१ मिळत नाही. आय-१३० भरा, तारीख जूनची लिहा, डिसेंबरचा सोहळा पुरवणी कागदात सांगा.

पण विधी न करता नुसती १९५५च्या हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी केली असेल तर गाठ अवघड आहे. ती नोंदणी आधी झालेल्या लग्नाची असते. विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. आणि लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने ते वैध आहे का, हेच अमेरिका पाहते. अशा जोडप्याने वकिलाला न विचारता एकही फॉर्म भरू नये. पत्रिकेवर डिसेंबर, प्रमाणपत्रावर जून आणि फॉर्मात तिसरंच काही, ही खिचडी मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीवर फार महाग पडते.

माझं नाव सासरी बदललं. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. जन्मदाखल्यावर तर नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय. हे सगळं आता सारखं करून घेऊ का?

सगळं नाही. पासपोर्ट हा खुंटा धरा आणि बाकीचे कागद त्याला बांधा. आपल्याकडे पूर्वी तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं की पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही एका दिवसात बदलायची. अमेरिकन फॉर्मला हे कळायला एकच जागा आहे, ‘पूर्वी वापरलेली इतर नावं’. तिथे माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, मधल्या नावाशिवायचं नाव, ‘बाई’ लागलेलं नाव, सगळं लिहा. जास्त लिहिल्याने बिघडत नाही, लपवल्यासारखं दिसलं की बिघडतं.

जन्मदाखल्यात नाव घालून घेण्याची सोय नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत असते, ते आधी करा. नोंदच सापडत नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्या आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा. मराठी कागदांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, गोल शिक्क्यातल्या मजकुरासकट. दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही ते केलं आणि तसं लिहून खाली सही केली तरी यूएससीआयएसला चालतं.

मुलगा नागरिक आहे, पण गेल्या महिन्यात त्याची नोकरी गेली. सुनेचा अर्ज अडेल का? आमचा नाशिकचा फ्लॅट दाखवता येईल? नाहीतर टेक्सासचे मेहुणे सही करायला तयार आहेत.

इथे जरा थांबू, कारण आय-८६४ वर, म्हणजे येणाऱ्याचा आर्थिक भार उचलण्याच्या हमीपत्रावर, लोक लग्नाच्या रजिस्टरात साक्षीदार करतात तशी सही करतात.

प्रायोजकाचं, म्हणजे हमी देणाऱ्याचं, उत्पन्न अमेरिकेतल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. दोघांच्या घराला २०२५च्या तक्त्याप्रमाणे ते वर्षाला २६,४३७ डॉलर होतं. उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता चालते, पण नागरिकाच्या जोडीदारासाठी ती तुटीच्या तिप्पट लागते. उत्पन्न शून्य धरलं तर ७९,३११ डॉलर. भारतातली मालमत्ताही चालू शकते, पण ती मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर हवी आणि वर्षभरात विकून पैसा होण्याजोगी हवी. तुमच्या नावावरचा फ्लॅट उपयोगाचा नाही.

मेहुणे चालतील. नातं लागत नाही, फक्त ते नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावेत, अमेरिकेत राहत असावेत आणि त्यांच्या स्वतःच्या घराचं धरून उत्पन्न पुरावं. मुलाचा आय-८६४ तरीही भरावाच लागतो.

पण मेहुण्यांना जेवायला बसवून नीट सांगा की हा सरकारशी केलेला करार आहे. सून नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, जमेपर्यंत तो टिकतो. ती कायमची देश सोडून गेली किंवा वारली तर त्याआधी सुटतो. घटस्फोटाने सुटत नाही. मुलाचं आणि सुनेचं फाटलं तरी मेहुणे बांधलेलेच, आणि सून त्यांच्यावर दावाही लावू शकते. हे ऐकून ते मागे सरले तर रागावू नका. मुलाला नवी नोकरी लागेपर्यंत थांबणं बऱ्याचदा स्वस्त पडतं, कारण आय-१३० चालू असताना उत्पन्न कुणी विचारत नाही. तो प्रश्न शेवटी येतो.

माझं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं आहे. भांडण झालं की नवरा म्हणतो, ‘सही करणार नाही, परत पाठवीन.’ परवा हातही उचलला. मी काय करू?

ताई, परत पाठवायचा अधिकार त्याला नाही.

ग्रीन कार्ड मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती म्हणून तुमचं कार्ड सशर्त आहे. ती अट काढायचा अर्ज आय-७५१. एरवी तो दोघांच्या सह्यांनी, कार्ड संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत जातो. पण लग्न खरं होतं आणि नवऱ्याने मारहाण किंवा छळ केला, असं असेल तर तुम्ही एकटीने भरू शकता. घटस्फोट झालेला असण्याची गरज नाही आणि नव्वद दिवसांची वाट बघायचीही गरज नाही. त्याची सही लागत नाही.

लग्न खरं होतं याचे पुरावे मात्र तुमच्या हातात हवेत आणि आपल्याकडे ते बहुधा नवऱ्याच्या ईमेलमध्ये असतात: भाडेकरार, दोघांच्या नावाचा टॅक्स रिटर्न, बँकेचे उतारे, विमा. मारहाणीचे फोटो तारखेसकट ठेवा, डॉक्टरकडे गेलात तर तिथली नोंद मागून घ्या. न्यू जर्सीत ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था १९८५ पासून हेच काम करते. बाकी कुठेही असलात तरी १-८००-७९९-७२३३ हा राष्ट्रीय मदतक्रमांक रात्री-बेरात्री लागतो आणि दुभाषी मिळतो. धोका वाटला तर थेट ९११.

कार्डाच्या दोन्ही बाजू, पासपोर्ट आणि हाताशी असतील ते कागद यांचे फोटो आज रात्रीच बहिणीला पाठवा. नंतर ते आपल्या फोनमधून पुसा, आणि फोनचा पासवर्ड त्याला माहीत असेल तर बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्याच फोनवरून वकिलाशी बोला.