दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी कंपनीच्या धातूच्या खेळण्यातल्या विमानाच्या पंखाला बारीक भेगा पडल्यात, पंखही खाली झुकलाय. एपॉक्सी भरून दुरुस्त होईल का?

नाही, भेगा वरून बुजतील, पण धातूची झीज थांबणार नाही. हा ‘झिंक पेस्ट’ (zinc pest), म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूला लागणारा रोग आहे. त्या काळी जस्ताच्या मिश्रधातूत शिसं किंवा कथील थोडंसं जरी मिसळलं गेलं, तरी ते धातूच्या कणांच्या सीमांवर साचतं. दमट हवेत तिथूनच आतल्या आत गंज धरतो, धातू फुगतो आणि तडकतो. युद्धाआधीची डिंकी विमानं, विशेषतः फेअरी बॅटल, यासाठी बदनामच आहेत. १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरून झामक नावाचा मिश्रधातू आणला तो याच दुखण्यावर, पण ओतकामात भेसळीचा धातू पडला की सगळं मुसळ केरात.

आता हातात एवढंच:

- कोरड्या, एकसारख्या तापमानाच्या जागी ठेवा, सोबत सिलिका जेल.
- पंखाखाली आधार द्या. पंख धरून उचलू नका.
- रंग खरवडून नवा देऊ नका, उरलीसुरली किंमतही जाईल.

शेजारच्या मॉडेलला हा रोग लागत नाही, त्यामुळे कपाट रिकामं करायची गरज नाही.

मात्र भेग फक्त रंगापुरतीच असू शकते. भिंगातून बघा: कडा सरळ आणि खालचा धातू गुळगुळीत असेल तर नुसता रंग तडकलाय. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आणि पृष्ठभागाला फुगवटा दिसला तर पेस्टच. तुमचा पंख झुकलाय म्हणता, म्हणजे मला तरी दुसरीच शक्यता जास्त वाटते.