घरचा पीसी, सर्व्हर आणि राउटर: 600 व्हीएचा एक यूपीएस पुरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप, जुन्या पीसीचा केलेला चार हार्ड डिस्कचा सर्व्हर आणि फायबरचा राउटर आहे. घरात 150 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीचा इन्व्हर्टर आहे, तरी लाईट गेली की पीसी रिस्टार्ट होतो. दुकानदार म्हणतो 600 व्हीए घ्या, सगळं चालेल.

नाही चालणार. पण म्हणून एकच मोठा 1100 व्हीए घेणंही मला पटत नाही. दोन वेगळे घ्या: डेस्कटॉपला मोठा, 1100 व्हीएचा; सर्व्हर-राउटरला लहान, 600 व्हीएचा. डेस्कटॉपला वॉट लागतात. सर्व्हरला वॉट फारसे लागत नाहीत, त्याला यूपीएसशी बोलणारी यूएसबी वायर लागते.

खोक्यावरचा व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) आकडा बाजूला ठेवा, वॉट बघा. आपल्याकडच्या घरगुती यूपीएसचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्हीएमागे प्रत्यक्ष मिळणारे वॉट, बहुधा 0.6 असतो, म्हणजे 600 व्हीए म्हणजे 360 वॉट आणि 1100 व्हीए म्हणजे 660. मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड गेम खेळताना धरून अख्खा पीसी भिंतीतून 300 वॉटच्या आसपास ओढतो, 24 इंची मॉनिटर 25, सर्व्हर 60, राउटर आणि ओएनटी (फायबरची वायर जोडलेला डबा) मिळून 15. बेरीज 400. गेमच्या मध्यात लाईट गेली तर 360 वॉटचा यूपीएस ओव्हरलोडचा भोंगा वाजवून बंद पडणार, आणि सोबत सर्व्हरही जाणार. चार डिस्क एकदम फिरायला लागतात तेव्हा काही सेकंद आणखी 80-100 वॉट लागतात, तेही धरा. हे माझे अंदाज आहेत. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणून स्वतः मोजा. एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर, 650 वॉट लिहिलेलं असतं ती त्याची कमाल क्षमता, तुमचा वापर नव्हे. मोजलेला लोड यूपीएसच्या वॉटच्या 60-70 टक्क्यांत बसला की पुरे.

आता इन्व्हर्टर असून पीसी रिस्टार्ट का होतो ते. एसएमपीएसमधले कपॅसिटर पूर्ण लोडवर साधारण 16-17 मिलिसेकंद तग धरतात, स्वस्तातले त्याहून कमी. इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये असेल तर बॅटरीवर जायला 40 मिलिसेकंदांपर्यंत घेऊ शकतो. पंख्याला, दिव्याला फरक पडत नाही, पीसीला पडतो. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, त्यावर यूपीएस मोड निवडला की हाच वेळ 10 मिलिसेकंदांच्या आसपास येतो. आधी तेवढं करून बघा. पण या मोडमध्ये तो साधारण 180 व्होल्टच्या खाली मेन सप्लाय नाकारतो. संध्याकाळी कृषिपंप सुरू झाले की तुमच्याकडे व्होल्टेज 170 वर येत असेल, तर इन्व्हर्टर लाईट असतानाही बॅटरीवरच बसेल आणि रात्री गरजेच्या वेळी रिकामा सापडेल.

तसं असेल तर इन्व्हर्टर साध्या मोडवरच ठेवा. आणि सर्व्हरचा यूपीएस इन्व्हर्टरच्या लाईनवरच लावा. गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते तसे तास-दोन तास इन्व्हर्टर सांभाळेल. यूपीएसने फक्त दोन जागा भरायच्या: सुरुवातीचा क्षण, आणि इन्व्हर्टरची बॅटरी संपल्यानंतर सर्व्हर नीट बंद करण्यापुरती मिनिटं. इन्व्हर्टर मात्र प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे मेन्ससारखी गुळगुळीत लहर देणारा हवा. स्क्वेअर वेव्हवाल्याचा सप्लाय यूपीएस बऱ्याचदा ओळखतच नाही, मेन्स नाही असं समजून स्वतःच्या बॅटरीवर जातो आणि थोड्या वेळात झोपतो. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर घ्यायचा तर पंखे-दिव्यांसह बेरीज त्याच्या वॉटमध्ये बसते का, ते बघून घ्या.

वेव्हचा प्रश्न खुद्द यूपीएसलाही आहे. घरगुती लाइन-इंटरॲक्टिव्ह यूपीएस, म्हणजे लाईट असताना मेन्सच पुढे देणारे आणि ती गेली की बॅटरीवर जाणारे, बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांचा वेव्ह देतात. ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेला एसएमपीएस, म्हणजे 80 प्लस हा कार्यक्षमतेचा शिक्का असलेले जवळपास सगळे, त्यावर गुणगुणतो. कधीकधी त्याच क्षणी बंदही पडतो. डेस्कटॉपसाठी परवडत असेल तर साइन वेव्हचाच घ्या. ऑनलाइन, डबल कन्व्हर्जनवाला, म्हणजे लाईट असतानाही वीज सतत स्वतःच्या सर्किटमधून बदलून देणारा, घरी नको. त्याचा पंखा सतत चालतो आणि वीजही सतत खातो.

सर्व्हरचा यूपीएस घेताना यूएसबी पोर्ट आहे का, हे दुकानात खोकं उघडून बघा. चार्जिंगपुरता पोर्ट नव्हे, डेटाचा. लिनक्सवर नेटवर्क यूपीएस टूल्स टाका, ज्याला सगळे नट म्हणतात. नामांकित कंपन्यांचे यूपीएस बहुधा यूएसबीएचआयडी ड्रायव्हरवर चालतात, इतर पुष्कळसे क्यूएक्स ड्रायव्हरवर. यूपीएस सापडला का हे तपासायच्या आदेशाचं नाव यूपीएससी आहे. परीक्षेशी संबंध नाही. स्वस्त यूपीएसने सांगितलेल्या बॅटरीच्या टक्केवारीवर विसंबू नका, 60 वरून थेट शून्यावर येते. टायमर लावा: यूपीएसला इन्व्हर्टरकडूनही वीज येईनाशी झाली की तीन मिनिटं थांबून शटडाऊन. बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू ठेवा.

इथे बहुतेक जण फसतात. सर्व्हर बंद होत असतानाच लाईट परत आली, तर यूपीएसचा आउटपुट कधी तुटलेलाच नसतो. बायोसला वीज गेली-आली हे कळत नाही आणि सर्व्हर बंदच राहतो. त्यासाठी नटने शटडाऊनच्या शेवटी यूपीएसलाच आउटपुट तोडून पुन्हा द्यायला सांगायचं असतं. तुमचा यूपीएस हा आदेश पाळतो का, हे पहिल्याच दिवशी तपासा. तपासताना प्लग उपटू नका, सॉकेटचं बटण बंद करा, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहील.

बॅकअपचा हिशेब: 600 व्हीएमध्ये 12 व्होल्ट 7 एएचची एक बॅटरी असते, 1100 मध्ये बहुधा दोन. 7 एएच हा आकडा 20 तासांत सावकाश रिकामी करण्याचा आहे, जोरात ओढली की निम्मीही मिळत नाही. नव्या बॅटरीवर सर्व्हर-राउटरचे 75 वॉट 600 व्हीएवर 20-25 मिनिटं चालतील. डेस्कटॉपचे 325 वॉट 1100 वर दहा मिनिटं म्हणजे खूप झाली. फाइल सेव्ह करा आणि बंद करा.

बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. यूपीएस कोंदट कपाटात ठेवलात तर त्याआधीच, कारण 25 अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. दोन असतील तर दोन्ही एकदम बदला, जुनी नवीलाही खाली ओढते. विकत घेताना मल्टिमीटर लावा, 12.5 व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर ती दुकानात पडून होती, घेऊ नका. 9 एएचची त्याच मापाची मिळते आणि बसते, फक्त टर्मिनलची पट्टी 4.8 मिमीची की 6.35 ची ते जुनीशी ताडून बघा. जुनी परत द्या, भंगाराचे पैसे वळते होतात.

लेझर प्रिंटर कुठल्याच यूपीएसवर नको, गरम होताना तो शेकड्यांनी वॉट ओढतो. आणि सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरवर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर यूपीएस घेण्याआधी वायरमनला बोलवा.