धावणारा क्वार्टरबॅक आणि त्याच्यापुढचे पाच जण

प्रश्न : माझा मुलगा इथल्या विद्यापीठात शिकतो आणि त्याच्या नादाने आम्ही दोघे गेली तीन वर्षे दर शनिवारी कॉलेजचे अमेरिकन फुटबॉल पाहतो. चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, पळण्यात तरबेज असला की त्याच्यापुढच्या फळीचे, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनचे, काम हलके होते, असे समालोचक कधी सांगतात. आणि तोच जागेवर टिकत नसल्यामुळे लाइनची पंचाईत होते, असेही कधी सांगतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात? — एक वाचक, ऑस्टिन (टेक्सास)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण सेंटर, दोन गार्ड आणि दोन टॅकल अशा पाच जणांच्या या लाइनला एकाच सामन्यात दोन अगदी निराळी कामे करावी लागतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून देणे हे एक काम आणि चेंडू फेकणाऱ्याला वेळ मिळवून देणे हे दुसरे. धावणारा क्वार्टरबॅक पहिले काम सोपे करतो, याबद्दल मला शंका नाही. दुसरे काम सोपे होते की अवघड, हे मात्र तो केव्हा आणि कोणत्या दिशेने हलणार आहे याची कल्पना त्या पाच जणांना असते की नसते, यावर ठरते. या विषयावरच्या चर्चेत हा फरक फार क्वचित केला जातो आणि त्यामुळे लाइनमनवर वारंवार अन्याय होतो, असे माझे मत आहे.

आधी धावेचा हिशेब पाहू. दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू असतात. जुन्या पद्धतीच्या धावेत क्वार्टरबॅक चेंडू त्याच्याजवळच्या पळणाऱ्या खेळाडूच्या, म्हणजे रनिंग बॅकच्या, हाती देतो आणि त्यानंतर त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. चेंडू घेतलेला खेळाडू स्वतः कोणाला अडवू शकत नाही आणि क्वार्टरबॅक अडवत नाही, म्हणजे नऊ जणांनी अकरा जणांना तोंड द्यायचे, असा हा विषम सामना असतो. क्वार्टरबॅक स्वतः पळू शकत असेल, तर बचावातल्या एखाद्या खेळाडूला त्याच्यावर नजर ठेवून थांबावे लागते, आणि जो थांबला त्याला अडवण्यासाठी वेगळा माणूस खर्च करावा लागत नाही.

झोन रीड या चालीचा सगळा डोलारा याच हिशेबावर उभा आहे. तिचा उगम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातील ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात, रिच रॉड्रिगेझ प्रशिक्षक असताना झाला, असे सांगतात. सरावात चेंडू देण्याघेण्यात गफलत झाली, कडेचा बचावपटू रनिंग बॅकच्या मागे आत धावत गेला, आणि ते पाहून क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडेच ठेवून त्याने मोकळ्या सोडलेल्या जागेतून बाहेर पडला. ही गफलत पुढे मुद्दाम शिकवली जाऊ लागली. या चालीत कडेच्या डिफेन्सिव्ह एंडला जाणूनबुजून मोकळे सोडतात. तो आत आला तर क्वार्टरबॅक पळतो, तो बाहेर थांबला तर चेंडू रनिंग बॅकला मिळतो. त्याने काहीही केले तरी ते चुकीचेच ठरावे, अशी ही रचना आहे. लाइनच्या दृष्टीने पाहिले, तर ज्या टॅकलला एरवी त्या दांडग्या एंडशी झुंजावे लागले असते, तो आता सरळ पुढे जाऊन बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या लाइनबॅकरला गाठतो आणि मधल्या फळीत एकावर दोघे असे बळ लावता येते. लाइनमन तेच राहतात, त्यांची ताकदही तीच राहते, परंतु कोण कोणाशी भिडणार हे बदलते आणि त्यांची कामगिरी एकदम उजळते.

आता फेकीकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. चेंडू फेकण्याच्या चालीत टॅकलची पाठ क्वार्टरबॅककडे असते. मागे काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. क्वार्टरबॅक ठरलेल्या ठिकाणी, लाइनच्या मागे काही यार्डांवर उभा असणार, एवढ्या भरवशावर तो समोरच्याला बाजूने वळवत त्या ठिकाणाच्या पलीकडे घेऊन जातो. ज्याला पॉकेट म्हणतात ती जागा या भरवशावर तयार होते. क्वार्टरबॅक घाबरून आणखी तीन-चार यार्ड मागे सरकला, तर टॅकलने व्यवस्थित बाहेर नेलेला प्रतिस्पर्धी नेमका त्याच्या पुढ्यात येतो. पाहणाऱ्याला टॅकल हरल्यासारखा वाटतो; वस्तुतः त्याने आपले काम चोख केलेले असते. क्वार्टरबॅक अचानक बाजूला पळाला तर समोरचा बचावपटूही झटकन दिशा बदलतो, छातीवर टेकलेले लाइनमनचे हात त्याच्या खांद्यावर किंवा पाठीवर जातात आणि होल्डिंगची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पकडून ठेवल्याची, दहा यार्डांची शिक्षा होते. शिवाय कॉलेजच्या नियमानुसार, चाल जिथून सुरू होते त्या रेषेपलीकडे चेंडू फेकायचा असेल तर फेकीपूर्वी लाइनमनला तीन यार्डांहून अधिक पुढे जाता येत नाही. क्वार्टरबॅक पळतो आहे असे समजून गार्ड पुढच्या बचावपटूला अडवायला गेला आणि क्वार्टरबॅकने शेवटच्या क्षणी चेंडू फेकला, की पाच यार्ड गेलेच. व्यावसायिक फुटबॉलमध्ये ही सवलत एकाच यार्डाची आहे. पळणे आणि फेकणे यांची सरमिसळ असलेल्या चाली कॉलेजमध्ये इतक्या फोफावल्या, त्यामागे या दोन जास्तीच्या यार्डांचा हात मोठा आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. क्वार्टरबॅक चपळ असेल तर बचावपटू बेभान होऊन त्याच्यावर तुटून पडू शकत नाहीत. प्रत्येकाला आपापली वाट धरून यावे लागते, कारण एखादी फट राहिली तर तो तिथून निसटतो. कित्येकदा एका खेळाडूला केवळ त्याच्यावर पहारा ठेवायला मागे थांबवतात. जपून येणाऱ्या माणसाला अडवणे हे जिवाच्या आकांताने धावत येणाऱ्याला अडवण्यापेक्षा सोपे असते, हे कोणीही मान्य करील.

आपण ऑस्टिनचे आहात, तेव्हा आपल्या गावच्या संघाचे उदाहरण देतो. ४ जानेवारी २००६ रोजी पॅसाडीना येथील रोझ बोल सामन्यात टेक्सासने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा (यूएससी) ४१–३८ असा पराभव केला. क्वार्टरबॅक विन्स यंगने त्या दिवशी १९ वेळा चेंडू घेऊन २०० यार्ड काढले आणि फेकीतून आणखी २६७. सामना संपायला १९ सेकंद उरले असताना, चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, पाच यार्ड हवे होते आणि तो उजवीकडून आठ यार्ड पळत थेट एंड झोनमध्ये, म्हणजे गुण मिळवून देणाऱ्या टोकाच्या पट्ट्यात, पोहोचला. ती चाल मुळात फेकीची होती. लाइन पॉकेट धरून उभी होती, कोणी मोकळे दिसेना, म्हणून तो पळाला. नोंदीत मात्र ते आठ यार्ड धाव म्हणूनच लागले.

याच्या उलट टोक पाहायचे असेल, तर २०१६ चा लुइव्हिलचा हंगाम पाहावा. त्यांचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सनने त्या वर्षी धावून १,५७१ यार्ड आणि २१ टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये पोहोचवणे) मिळवले, कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कारही पटकावला. तरीही १७ नोव्हेंबरला ह्यूस्टनने त्याला ११ वेळा सॅक केले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडले, आणि सामना ३६–१० असा जिंकला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला सिट्रस बोल सामन्यात लुइझियाना स्टेटने (एलएसयू) २९–९ असे हरवताना आठ सॅक मिळवले. त्या वर्षी देशात त्याच्याइतका चपळ क्वार्टरबॅक दुसरा नव्हता, तरी ही गत झाली. चपळाई लाइनच्या उणिवा काही आठवडे झाकू शकते. परंतु मोठी आघाडी घेऊन प्रतिस्पर्ध्याने त्याला फेकायलाच भाग पाडले, की त्या उघड्या पडतात. शिवाय असा क्वार्टरबॅक ‘आणखी एक क्षण, कोणी तरी मोकळा होईल’ या आशेने चेंडू हातात धरून ठेवतो. त्याची ही आशा पुष्कळदा फळाला येते, म्हणूनच तर तो महान असतो. पण जेव्हा येत नाही, तेव्हा त्या सॅकचा बोल लाइनला लागतो.

प्रश्न : माझी मुलगी ओक्लाहोमा विद्यापीठात होती. २०१८ मध्ये त्यांच्या लाइनला देशातील सर्वोत्तम लाइनचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी क्वार्टरबॅक कायलर मरेला हाइझमन मिळाला. मग खरे श्रेय कोणाचे? आणि आकडेवारीवरून ते ठरवता येते का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपण उल्लेखिलेला ‘जो मूर’ नावाचा पुरस्कार २०१५ पासून दिला जातो आणि तो एका खेळाडूला नव्हे, तर संपूर्ण लाइनला मिळतो. २०१८ च्या ओक्लाहोमाबद्दल मी लाइनच्या बाजूने आहे, आणि त्याला पुढे घडलेल्या गोष्टींचा आधार आहे. कोडी फोर्ड, बॉबी एव्हन्स, ड्रू सामिया आणि बेन पॉवर्स या चौघांची २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एनएफएल या व्यावसायिक लीगच्या संघांनी निवड केली. त्या वेळी नवखा असलेला सेंटर क्रीड हम्फ्री २०२१ मध्ये दुसऱ्या फेरीत गेला. पाचच्या पाच जण व्यावसायिक दर्जाचे असणे हा मरेच्या पायांचा प्रताप असू शकत नाही. मरेने १,००१ यार्ड धावून काढले, ते बव्हंशी त्याला निवड करता आली म्हणून. पॉकेट शाबूत असल्याने पळणे ही त्याची गरज नव्हती. टेक्सास ए अँड एमचा जॉनी मँझेल हा तर २०१२ मध्ये निव्वळ धावपळीचा बादशहा मानला गेला. परंतु त्याच्या दोन बाजूंचे टॅकल, ल्यूक जोकेल आणि जेक मॅथ्यूज, पुढे ड्राफ्टमध्ये अनुक्रमे दुसऱ्या आणि सहाव्या क्रमांकावर निवडले गेले, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते.

आकडेवारीबद्दल सावध राहावे. एनएफएलमध्ये सॅकमुळे गेलेले यार्ड संघाच्या फेकीच्या खात्यातून वजा होतात, तर कॉलेजमध्ये ते धावेच्या खात्यातून वजा होतात आणि प्रत्येक सॅक ही एक धाव म्हणून मोजली जाते. समजा, एका संघाने ३० धावांमध्ये १५० यार्ड काढले, म्हणजे सरासरी पाच. त्याच सामन्यात चार सॅकमध्ये ३० यार्ड गेले, तर नोंद ३४ धावा आणि १२० यार्ड अशी होते आणि सरासरी साडेतीनवर येते. लाइनने धावेसाठी वाट उत्तम केली असूनही ती कागदावर सुमार दिसते. उलटपक्षी, फेकीची चाल मोडल्यावर क्वार्टरबॅकने जीव वाचवत काढलेले पंधरा यार्ड धावेतच जमा होतात आणि ज्या लाइनने त्या वेळी मार खाल्ला, तिचीच सरासरी सुधारते. हा एकच दोष दोन्ही दिशांनी फसवतो, त्यामुळे धावणाऱ्या क्वार्टरबॅकच्या संघाची धावेची सरासरी पाहून लाइनला गुण देणे मला मान्य नाही. रनिंग बॅकच्या धावा, ठरवून केलेल्या क्वार्टरबॅकच्या धावा आणि चाल मोडल्यावरचे पळणे, असे तीन वेगळे हिशेब ठेवले तरच काही अर्थ निघतो.

प्रश्न : अशा क्वार्टरबॅकसाठी लाइनमन वेगळ्या बांध्याचे निवडतात का? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : काही प्रमाणात होय. क्वार्टरबॅकच्या धावेवर आधारलेल्या खेळात लाइनमनला रेषेवरून झपाट्याने निघून दुसऱ्या फळीपर्यंत पोहोचावे लागते, म्हणून वजनापेक्षा पायांची हालचाल मोलाची ठरते. याचे सुंदर उदाहरण आर्मी, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा संघ. पदवीनंतर लष्करी सेवेचे बंधन असल्याने अवाढव्य देहाचे, एनएफएलचे स्वप्न पाहणारे लाइनमन तिथे सहसा जात नाहीत. तरीही २०२४ चा ‘जो मूर’ पुरस्कार त्यांच्या लाइनला मिळाला. त्या हंगामात आर्मीने १२ सामने जिंकले आणि क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीने धावून ३२ टचडाउन केले. डेली हा जॅक्सनसारखा वाऱ्याच्या वेगाने पळणारा नव्हता. तो अंगापिंडाने मजबूत होता आणि त्याच्या बहुतेक धावा आधीच ठरलेल्या असत. तो कुठून येणार हे पाचही जणांना माहीत असायचे. धावणाऱ्या क्वार्टरबॅकचा लाइनला निखळ फायदा कसा होतो, हे मला त्या संघाइतके स्पष्ट इतरत्र दिसलेले नाही.

प्रश्न : सामना पाहताना सॅकचा दोष कोणाचा, हे ओळखायची काही युक्ती आहे का? — ऑस्टिनच्याच दुसऱ्या वाचक

उत्तर : चेंडू सेंटरच्या हातून निघाला की मनात तीनपर्यंत मोजावे आणि त्या वेळेत चेंडूकडे न पाहता डाव्या टॅकलकडे पाहावे. तीन होण्याआधीच तो मागे ढकलला गेला असेल किंवा समोरचा त्याच्या आतल्या बाजूने निसटला असेल, तर दोष बहुधा त्याचा. तीन उलटून गेल्यावर, क्वार्टरबॅक मूळ जागेपासून मागे किंवा बाजूला सरकलेला असताना सॅक झाला, तर टॅकलला बोल लावण्यापूर्वी पुनःप्रक्षेपणाची वाट पाहावी. मागच्या कोनातून दाखवलेले दृश्य त्यासाठी सर्वांत उपयोगी, कारण क्वार्टरबॅकची पावले आणि टॅकलची पाठ एकाच वेळी दिसतात.