नागपूरचा पिनकोड ४४०००१ ही मूळ संख्या आहे का?

नाही. जीपीओच्या या पिनकोडातले अंक मिळवा: ४+४+१ = ९. म्हणजे ९ ने भाग जाणारच. भागाकार ४८८८९ येतो, आणि हा मात्र मूळ आहे. हे तपासायला २२१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, कारण २२२ चा वर्ग त्याच्या पुढे जातो. काम कंटाळवाणं आहे, पण होतं.

मला खरी मजा वाटते ती पुढे. ४८८८९ ला ४ ने भागलं तर बाकी १ उरते. अशी कुठलीही मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, तीही एकाच प्रकारे (फर्माचा नियम). इथे २०८² + ७५². दोन्हींना ३ ने गुणा: ६२४² + २२५² = ३८९३७६ + ५०६२५ = ४४०००१. विभाजक मोजून सहाच.