आजोबांच्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलला दुर्बीण बसवावी, नळी कापावी की तशीच ठेवावी?

तशीच ठेवा. खानापूरच्या वाड्यातली ही बंदूक .३०३ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप) असेल तर आधी परवाना नीट बघा; हा बोअर प्रतिबंधित गटात मोडतो. नळी आखूड करायचं तर डोक्यातून काढाच, शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ प्रमाणे त्याला वेगळा परवाना लागतो.

बोल्टवरचा (मागेपुढे सरकणाऱ्या खिटीवरचा) नि रिसीव्हरवरचा (ती खिटी बसते त्या धातूच्या सांगाड्यावरचा) नंबर ताडून बघा. जुळले तर संग्राहक त्यालाच मोल देतात. दुर्बिणीसाठी रिसीव्हरला भोक पाडलं की ते मोल गेलं, बुजवूनही परत येत नाही. दस्त्याला (बंदुकीच्या लाकडी भागाला) पॉलिश पेपर लावू नका, लाकडावरचे शिक्के पुसतात; जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे. दस्ता आधीच कुणी कापला असेल, तर मात्र परवानाधारक कारागिराकडून बदल करून घ्यायला माझी हरकत नाही. बाकी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावात असल्या बंदुकीला करवत लावायची म्हणजे जिवावर येतं हो!