तिसरी-चौथीच्या मुलांना गणिताचा क्विझ गेम कोड करायला कसं शिकवावं?
सोलापुरातल्या साध्या शाळेत, एकाच लॅपटॉपवरही हे नक्की जमेल. स्क्रॅच घ्या, म्हणजे रंगीत ठोकळे (ब्लॉक) जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर; फुकट आहे, आणि ॲप एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही. आधी लॅपटॉप बंद ठेवून खेळा: एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, तिसऱ्याने गुण लिहायचे. मग 'अ' आणि 'ब' ही व्हेरिएबल्स (संख्या साठवायचे डबे) करून त्यांत १ ते १० मधल्या रँडम संख्या भरा, आस्क ब्लॉकने गुणाकार विचारा, इफ-एल्सने ('बरोबर असेल तर हे, नाहीतर ते') उत्तर तपासा. संख्या आधी साठवायलाच हव्यात. नाहीतर विचारताना ६ गुणिले ७ आणि तपासताना भलत्याच संख्या येतात. अचूक सांगणारं पोर चुकीचं ठरतं, आणि ते मनाला फार लागतं त्याच्या. टायमर सुरुवातीला नकोच. शाब्दिक उदाहरणं मुलांनाच रचू द्या: गड्ड्यावरच्या (सोलापूरच्या जत्रेतल्या) पाळण्याची तिकिटं, चादरींचा हिशेब.