पुण्यात आजी-आजोबा आणि लहान मुलांना घेऊन दिवसभर जायला कात्रजचं प्राणी संग्रहालय बरं की एम्प्रेस गार्डन? रविवारी अकरापर्यंत पोहोचलो तर सगळं बघून होईल का?

रविवारी अकराला नका जाऊ. आधी हे सांगते, बाकीचं नंतर, कारण हा अकराचा विषय आमच्या घरात सहा वर्षं झाली अजून मिटलेला नाही.

मी धनकवडीत राहते, कात्रजचं झू आमच्यापासून रिक्षाने दहा मिनिटं, त्यामुळे बाहेरगावचं कोणीही आलं की पोरांना तिकडे न्यायचं काम माझ्याकडे. आणि मी ते आवडीने करते. लहानपणी आम्हाला पेशवे पार्कात न्यायचे, तिथे वाघ पिंजऱ्यात येरझारा घालायचा, गजांपाशी माणसांची ही गर्दी आणि तो वास, मला ते बघून घरी आल्यावर जेवण जायचं नाही. 1999 ला कात्रजचं उघडलं आणि मग हळूहळू प्राणी इकडे आणले. तळं धरून 130 एकर जागा. इथे मी पहिल्यांदा वाघ गवतात बसलेला बघितला, त्याच्या आणि आपल्या मधे खंदक, गज नाहीत. तिथलंच सर्पोद्यान तर त्याच्याही आधीचं, 1986 चं, सर्पमित्र नीलिमकुमार खैरे यांनी उभं केलेलं, आमच्या इथले जुने रिक्षावाले अजून सर्पोद्यानच म्हणतात. त्यामुळे कात्रजला काय बघायचंय असं कोणी म्हणलं की मला लागतं.

तर मे महिना, लातूरहून नणंद, तिचे यजमान, त्यांची दोन मुलं, आणि आमच्या सासूबाई तेव्हा एकाहत्तरच्या, गुडघे दुखणारे. मी आदल्या रात्री सगळ्यांसमोर सांगितलं, गेट साडेनऊला उघडतं, नवाला निघू, बारा वाजता परत येऊन घरी जेवू. सकाळी पोहे झाले, मग अंघोळी, मग भावजींना कोणाचा तरी फोन आला तो अर्धा तास, मग धाकट्याची चप्पल सापडेना. गेटवर सव्वाअकरा. तिकिटाला रांग, आत बॅटरीच्या गाडीला त्याहून मोठी रांग, मी म्हणलं उशीर झाला तर झाला पण आईंसाठी आपण थांबू, तर भावजी म्हणाले, "वहिनी, एवढ्याला काय गाडी, बागच तर आहे, चालत जाऊ."

आत चढउतार आहे हो, आणि एका आवारापासून दुसरं आवार लांब. ते लांब आहे म्हणूनच प्राण्यांना जागा आहे. भर दुपारी मे महिन्यात कुठला प्राणी उन्हात येऊन उभा राहील? अस्वल झोपलेलं, चितळ सगळी झाडाखाली दाटीने, वाघ पार मागे सावलीत, नुसती पाठ दिसली. मगर तोंड उघडं टाकून पडलेली आणि धाकटा विचारतोय मामी ही प्लास्टिकची आहे का, मी सांगितलं की अरे अंगातली उष्णता बाहेर टाकायला ती असं तोंड उघडून बसते, तेवढी पाच मिनिटं काय ती मजेत गेली. पुढे सासूबाई रस्त्याच्या कडेलाच खाली बसल्या, चक्कर आली. मी पर्समधे लिंबू सरबताची बाटली घेतलेली होती म्हणून निभावलं. अर्धं राहिलं, परत आलो.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ऐकते, "पुण्याच्या वहिनींनी आईंना उन्हात फिरवलं आणि वाघ पण धड दाखवला नाही." आमचे हे म्हणतात तू गप्प बस, जावई आहेत. बसले गप्प. पण नऊ वाजता निघू असं मी म्हणले होते आणि गाडीसाठी थांबू असंही मीच म्हणले होते.

गेल्या डिसेंबरात सासूबाईंना घेऊन मी एकटी गेले. मंगळवार, साडेनऊला गेटवर, गर्दी नाही, सरळ बॅटरीच्या गाडीत. वाघ खंदकाच्या पलीकडे अगदी कडेने चालत होता, आमच्यासमोरून दोनदा गेला. मग गव्यापाशी उतरून कितीतरी वेळ बसलो, त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत होत्या. साप बघितले नाहीत, त्यांना नको होते. साडेबाराला घरी. संध्याकाळी त्यांनी स्वतः नणंदेला फोन लावला आणि म्हणाल्या, "वाघ बघितला गं, अगदी जवळून. तुझ्या वहिनीने दाखवला."

तुमच्या प्रश्नातलं "सगळं बघून होईल का" हे आधी डोक्यातून काढा. म्हातारी माणसं बरोबर असताना सगळं बघायचं नसतं, जे सगळ्यात हळू चालतं त्याच्या वेळेने चालायचं, आणि जावई असो की पाहुणा, उशीर करणाऱ्याला आदल्या रात्रीच स्पष्ट सांगायचं.

एम्प्रेस गार्डन वाईट नाही, 39 एकर आहे, जुने मोठे वृक्ष आणि सावली भरपूर, जमीन बरीच सपाट, जानेवारीत फुलांचं प्रदर्शन असतं तेव्हा तर जाच. पण मुलांना प्राणी बघायचे असतील तर तिथे कंटाळतील. अगदी तीनेक वर्षांचं पोर असेल तर दोन्ही सोडा, सारसबागेजवळ पेशवे पार्कात फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी आहे, 1956 पासूनची, त्यात बसवा, खूश होतं.

आणि दिवसभराचं म्हणताय तर कात्रजला दिवसभर नका थांबू, मी सांगतेय ते सकाळचं. थंडीत अकरा चालतीलही कदाचित, माझा अनुभव मे महिन्याचा आहे. बुधवारी बंद असतं.